कुंडीतले अंजीर

बंधनावाचून फळ नाही, असे आम्ही वडील मंडळी मुलांना वारंवार सांगत असतो. आणि या वचनाला बागेतून आधार हवा असेल तर तो अंजिराच्या झाडाइतका चांगला क्वचितच दुसरीकडे सापडेल. मुळांना खोल, कसदार व मोकळी जमीन मिळाली की हे झाड फांद्या व पाने वाढविण्यातच आपली शक्ती वेचते. फळ मागे राहते. म्हणून इंग्लंडातील जुने माळी खड्ड्याला दगडी तळ व भिंती करून त्यात अंजीर लावीत. आपल्याकडेही बहर धरण्यापूर्वी काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण देण्याची रीत आहे. तेव्हा अंजीर कुंडीत लावणे हा झाडावर अन्याय नसून त्याच्या फलद्रूपतेची सोयच होय, असा आमचा समज झाला तर त्यात नवल नाही.

या समजाने आम्ही तीन वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यातून अंजिराचा एक पक्व फाटा आणिला. या तालुक्याच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांस ठाऊक असेलच. तळाला भोक असलेली हात-दीड हात रुंदीची कुंडी, विटांचे तुकडे, पोयटा माती व कुजलेले शेणखत एवढ्या सामग्रीवर तो फाटा रुजला, आणि दुसऱ्या वर्षी त्याने फळही धरले. त्याच सुमारास त्याच तालुक्यातील आमच्या गावाहून आम्ही आमच्या मातुःश्रींनाही शहरातील बिऱ्हाडी घेऊन आलो होतो. गुडघे थकलेले, दृष्टी मंदावलेली. एकटीने राहणे आता शक्य नाही, हा आमचा निर्णय होता. तो त्यांचा होता असे म्हणवत नाही.

गेल्या चैत्रात एका लग्नासाठी घरची सर्व मंडळी आठ दिवस परगावी गेली. परत येऊन पाहतो तो पाने पिवळी पडून गळालेली आणि हिरवी फळे सज्जाच्या फरशीवर विखुरलेली. ‘झाड फारच नाजूक निघाले,’ असे आम्ही म्हणालो. मातुःश्री जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाजूक कसलं रे? मळ्यातल्या झाडाला तहान लागली की ते मुळं लांब पाठवतं. ह्याला तू कोंडलंस. ह्यानं पाणी शोधायला जायचं कुठं? आता ह्याची जमीन तूच.”

हे त्या झाडाविषयीच बोलल्या असतील. पण आमच्या मनाला ते तेवढ्यावर राहू देईना. गावी त्यांना विहिरीवरच्या बाया होत्या, देवळाची पायरी होती, भांडायला भावकी होती. येथे स्वतंत्र खोली, पंखा आणि वेळेवर औषध. त्या अबोल झाल्या तेव्हा आम्ही पाहुण्यांना सांगत असू, ‘वयाने आई हळवी झाली आहे.’ झाडाला नाजूक म्हणणे आणि आईला हळवी म्हणणे, या दोहोंत आमचा दोष किती सोयीने झाकला गेला! उंबर व अंजीर एकाच कुळातले. दोघांचीही फुले फळाच्या पोटात दडलेली असतात. आम्ही मात्र आमच्याच घरात उंबराचे फूल होऊन बसलो होतो.

मग त्यांना येथे आणणे हीच चूक होती काय? तसे आम्हांस वाटत नाही. रिकाम्या घरात पडून राहण्यापेक्षा हे बरे, हे त्याही मान्य करतात. बंधन कधीकधी अपरिहार्य असते, हितकरही असते. परंतु कुंडीची थोरवी गाणारे एक गोष्ट विसरतात. कुंडी फळ देत नाही. ती केवळ मुळांची धाव थांबविते. फळ येते ते रोजच्या पाण्याने. जो दुसऱ्याची मुळे आखडतो, त्याने जमिनीचे सारे कर्तव्य आपल्या शिरावर घेतलेले असते, आणि त्या कर्तव्याला सुट्टी नाही. मुलाला वळण लावणारा बाप, सुनेवर घरची रीत घालणारे सासर, वृद्धांना सुरक्षित ठेवणारे कर्ते पुत्र, या सर्वांना हाच हिशेब लागू आहे. पाणी देण्याची तयारी नसेल तर बंधन घालण्याचा अधिकारही नाही.

अंजीर चिवट खरे. पंधरवड्यात त्याला कोंब फुटले आणि यंदा पाच फळे टिकली. त्यांतले एक बुलबुलाने फोडले, तर मातुःश्रींनी ते त्यालाच ठेवावयास सांगितले. त्या सायंकाळी सज्जात बसतात. झाडाला पाणी घालून झाले की आम्ही पूर्वी लगेच आत वळत असू. आता तांब्या खाली ठेवून तेथेच बसतो.