परतीची वाट

ज्या वाटेचा शेवट तिच्या आरंभींच होतो, ती कष्टानें चालण्यांत पुरुषार्थ तो कोणता? इंग्लंडांत, यॉर्कशायरच्या चुनखडीच्या डोंगरांत, हॉर्टन गांवाहून निघावें, पेनिगेंट (694 मीटर), व्हर्नसाइड (736) व इंगलबरो (723) हीं शिखरें चढावीं, आणि बारा तासांच्या आंत पुन्हा हॉर्टनासच यावें, असा प्रघात आहे. अंतर सुमारें 38 किलोमीटर. तेथील ओढे खडकांच्या भेगांत लुप्त होतात; म्हणून पाणी बरोबरच न्यावें लागतें. संयमाचेंही तसेंच आहे.

पहिल्या शिखरानंतर रिबलहेडचें रेल्वे-स्थानक लागतें. तेथें पोंचण्यास अमुक वेळेहून उशीर झाला तर आगगाडीनें हॉर्टनास परतावें, हें आदल्या रात्रीं नकाशापुढें बसूनच ठरविलें पाहिजे. माघारीची तरतूद करणें म्हणजे निश्चयाला भेग पाडणें, असें कोणी म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. थकलेल्या माणसाचा अभिमान हा वाईट वाटाड्या. आणि त्याच्या हट्टाची किंमत पुष्कळदां मागून येणारा दुबळा सोबतीच देतो. स्वस्थ चित्तानें दिलेला शब्द थकव्यांतही पाळणें, हाच या वाटेंतील पुरुषार्थ होय. मग तो शिखरावर सिद्ध होवो कीं स्थानकावर.