दोष कोणाच्या पदरी?

पैशाच्या मोठ्या अरिष्टावर बेतलेला चित्रपट पाहून माणूस घरी परततो, तेव्हा त्याच्या मनात काय उरते? हा प्रश्न आम्हांला काही काळ सतावतो आहे. निमित्त तसे साधेच घडले. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे असता एका तरुणाच्या मोबाईलवर ‘स्कॅम १९९२’ या मालिकेचे संगीत वाजू लागले. “फादर, काय डोकं होतं त्या माणसाचं!” तो कौतुकाने म्हणाला. शेजारी त्याचे आजोबा उभे होते. ते निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांची आयुष्यभराची पुंजी काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत बुडाली. गुरुजी काहीच बोलले नाहीत.

हर्षद मेहता प्रकरण पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने एप्रिल १९९२ मध्ये उजेडात आले. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बँका एकमेकींना प्रत्यक्ष रोखे न देता ‘बँक रिसीट’ नावाचा कागद देत. पाठीशी रोखेच नसलेले कागद निघाले, त्यांवर उचललेला पैसा शेअर बाजारात गेला, भाव गगनाला भिडले आणि मग कोसळले. मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असतानाच निवर्तले. त्यांच्यावरील हंसल मेहता यांची मालिका २०२० साली आली आणि २०२१ साली ‘द बिग बुल’ हा चित्रपट. मालिकेने बँकांनाही सोडलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही प्रेक्षकाच्या मनात ठसतो तो एकच माणूस. ज्यांचे पैसे गेले, त्यांचे चेहरे कोणाला आठवत नाहीत.

पूर्वीच्या चित्रपटांत दोषाला चेहरा असे. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधला सुखीलाला सावकार गावातच राहतो. त्याच्याकडे बोट दाखविता येते. २००९ साली सतीश मन्वर यांनी आमच्या विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यावर ‘गाभ्रीचा पाऊस’ काढला. नवरा जिवाचे काही बरेवाईट करील या धास्तीने त्याची बायको त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवते. येथे बोट दाखवावे असा खलपुरुषच नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही संस्था कोसळली. त्या अरिष्टावरील ‘द बिग शॉर्ट’ (२०१५) सांगतो की सारी व्यवस्थाच सडलेली होती, आणि अखेरीस दोष मात्र गरिबांच्या व स्थलांतरितांच्या माथी मारला गेला. म्हणजे उत्तरे तीन: दोष एकाचा, दोष कोणाचाच नाही, दोष व्यवस्थेचा. यांपैकी खरे कोणते?

त्यासाठी मुंबईस किंवा न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. २००२ साली होम ट्रेड प्रकरण उघडकीस आले. नागपूर व वर्धा यांसह काही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी या दलाल कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे मोजले. रोखे हाती आलेच नाहीत. १९९२ चाच धडा दहा वर्षांनी पुन्हा गिरविला गेला. या कंपनीच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान झळकले होते. पुढे थकलेल्या कर्जांचाही भार वाढत गेला आणि २०१२ साली रिझर्व्ह बँकेने वर्धा जिल्हा बँकेला परवाना नाकारला. २०१४ साली केंद्र सरकारने देशातील अशा २३ बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. तीत नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका होत्या. जिल्हा बँक लंगडी पडली की पेरणीच्या तोंडावर कापूस-सोयाबीनवाल्याला पीककर्जासाठी सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. या माणसाला नायक करून काढलेला चित्रपट आमच्या पाहण्यात नाही.

हे घडले ते सेवाग्रामच्या परिसरात. १९३६ साली येथे येऊन राहिलेल्या गांधीजींनी आयुष्यभर सांगितले की धनवान हा धनाचा मालक नसून विश्वस्त आहे. बँकेच्या संचालकाला तर हे शब्दशः लागू पडते, कारण त्याच्या हातातला पैसा मुळात त्याचा नसतोच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ ही कल्पना मांडली. व्यवस्था पापी होऊ शकते; परंतु ती व्यक्तींच्या कृतींतूनच उभी राहते, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांला यात वरील प्रश्नाचे उत्तर दिसते. कर्ज दहा जणांत वाटले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. दोषाचे तसे नाही. ज्याला जितके ठाऊक होते आणि ज्याच्या हाती जितके होते, तितका त्याचा दोष. शेजाऱ्याचा दोष मोठा ठरला म्हणून आपला लहान होत नाही.

आता आमच्याविषयी. गुरुजींनी पैसे ठेवण्यापूर्वी आमचा सल्ला घेतला होता. संचालक प्रतिष्ठित आहेत, शाळेच्या समारंभाला येतात, असे सांगून आम्ही संमती दिली. इतरांपेक्षा जास्त व्याज ही संस्था कोठून देते, हा प्रश्न आम्हांला सुचला नाही. किंवा सुचूनही विचारावासा वाटला नाही. नंतर संस्था बुडाली तेव्हा आम्ही गुरुजींचे सांत्वन केले, संचालकांचा निषेध केला आणि स्वतःविषयी मौन पाळले. जक्कयाने मात्र प्रभूसमोर ‘जकातीची पद्धतच तशी आहे’ असे म्हटले नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. परतफेडीचा प्रयत्न नसेल तर पश्चात्ताप अपुरा राहतो, हे आम्हीच लोकांना शिकवीत आलो.

त्या रविवारी सायंकाळी आम्ही गुरुजींच्या घरी गेलो आणि ही कबुली दिली. त्यांच्या औषधांचा खर्च दरमहा आम्ही आमच्या मानधनातून उचलू, असेही सांगितले. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फादर, जास्त व्याज मलाही हवंच होतं.” सर्वांत कमी दोष ज्याचा, त्यानेच आपला वाटा सर्वांत आधी उचलला.

नातू दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारले, “मग विमा नव्हता का?” बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. सभासदाला वार्षिक सभेत अहवालावर प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, हेही आम्ही त्याला सांगितले. तो स्वतः दुसऱ्या एका संस्थेचा सभासद आहे. सभेला मात्र कधी गेला नव्हता. सभेची नोटीस कपाटात कोठेतरी पडली आहे, असे म्हणून तो ती शोधायला आत गेला.