ढिगाच्या तळाशी काय आहे?





उन्हाळ्यात आपल्या घरी आंब्याची पेटी येते. वरच्या थरातील फळ टपोरे आणि घमघमणारे असते. खालचा पेंढा बाजूला केला की कधी डागाळलेले, कधी सडके फळ हाती लागते. पेटीवर नाव देवगडचे आणि आतील माल भलत्याच प्रांतातला, असेही घडते. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु पेटी भरणाऱ्या हाताला ईशभयच आवरू शकते.

‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. विचार करा, पाऊस पडला यात विक्रेत्याचा काहीच अपराध नव्हता. अपराध होता तो ओल तळाशी दडविण्याचा.

याचा अर्थ इस्लामला व्यापारातील हुशारी वर्ज्य आहे, असा नव्हे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्वस्व सोडून मदीनेत आले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी सअद (रजि.) यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप आणि सुके पनीर यांच्या व्यवहारापासून आरंभ करून ते पुढे मोठे धनिक झाले. नित्य गरजेची साधी वस्तू, स्वतःचे कष्ट आणि अल्लाहवर भरवसा, हेच त्यांचे भांडवल होते.

आज बाजार मोबाइलमध्ये आला आहे. आपल्या कित्येक भगिनी घरबसल्या मसाले, कपडे, बिर्याणी विकतात. सुबक छायाचित्र, नवी वेष्टने, घरपोच सेवा या सर्व कल्पना स्तुत्य आहेत. मात्र दुसऱ्याच्या मालाचे छायाचित्र आपले म्हणून दाखविणे म्हणजे कोरडे धान्य वर रचणेच होय. त्याचप्रमाणे, खरेदीचा हेतू नसताना किंमत चढविण्यासाठी बोली लावणे, ज्याला ‘नज्श’ म्हणतात, प्रेषितांनी निषिद्ध ठरविले आहे. माल न वापरताच नातेवाइकांनी लिहिलेले खोटे अभिप्राय त्याच जातकुळीचे नाहीत काय?

हदीसनुसार, विकणारा व घेणारा खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केले, तर सौद्यात बरकत येते. दोष लपविले, तर ती पुसली जाते. “या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात थोडा उतरेल,” असे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक परत जाईलही. परंतु जे थांबेल, ते उद्या तुम्ही केलेल्या मालाच्या स्तुतीवरही विश्वास ठेवील. अशी पत जाहिरातीने विकत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दुकानात वडिलांच्या शेजारी बसलेला मुलगा सारे पाहत असतो. सडके फळ तळाशी सरकविणारा हात त्याने पाहिला, तर घरी दिलेली सचोटीची शिकवण त्याला पोकळ वाटेल. त्या कमाईतून त्याच्या ताटात जे पडेल, त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल? दिव्य कुरआनच्या ८३ व्या अध्यायाचा प्रारंभच मापात मारणाऱ्यांना दिलेल्या कठोर इशाऱ्याने होतो. घेताना ते पुरेपूर घेतात आणि देताना घट करतात.

म्हणून आज रात्री दुकान बंद करताना आपल्या मालावरून एकदा हात फिरवा. तळाशी जे दडले असेल, ते उद्या सकाळी वर ठेवा आणि त्याचा भाव कमी करा. गिऱ्हाइकाचा हात तळापर्यंत पोहोचो वा न पोहोचो, अंतिम निवाड्याच्या दिवशी प्रत्येक ढीग उलटा केला जाणार आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल रोजी, खरी जबान आणि कमाईत बरकत प्रदान करो. आमीन.