बारा सेकंद

माझ्याकडे बारा सेकंदांचं एक फुटेज आहे. एक मुलगा हेडफोन काढतो, मोबाईल टेबलावर उलटा ठेवतो आणि जर्सीच्या बाहीत तोंड खुपसतो. मागच्या मोठ्या पडद्यावर तोवर दुसऱ्याच टीमचं नाव झळकतंय.

बीजीएमआयची स्पर्धा होती. सोळा टीम, प्रत्येकी चार जण, चौसष्ट मोबाईल. माझ्या गळ्यात मीडियाचा पास होता आणि जाफराबादहून निघताना मित्राकडून मागून आणलेली लेन्स कॅमेऱ्याला लावलेली होती. आत जाताना नियम सांगितले गेले. फ्लॅश मारायचा नाही. खेळाडूंच्या स्क्रीनवर कॅमेरा न्यायचा नाही. सामना चालू असताना कुणाशी बोलायचं नाही. नियम बरोबरच होते. एका टीमची जागा फुटली तर खेळ संपला. म्हणून तर यूट्यूबवरचं ‘लाइव्ह’सुद्धा अनेकदा काही मिनिटं उशिरा सोडतात.

म्हणजे स्क्रीनची काळजी घेतलेली होती. चेहऱ्याबद्दल मात्र एकही नियम नव्हता.

आणि आमच्यासारख्यांना चेहराच हवा असतो. कबड्डीत अंगाला लागलेली माती दिसते, कुस्तीत ताणलेली मान दिसते. इथे चौसष्ट पोरं माना खाली घालून बसलेली, हलतात फक्त अंगठे. नकाशावर काय चाललंय ते दाखवायला आयोजकांचे ऑब्झर्व्हर असतात. आपल्या वाट्याला उरतो तो सामन्यानंतरचा क्षण. कुणी उडी मारतं, कुणी कोसळतं. कोसळणारा जास्त चालतो, हे रील टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

ते बारा सेकंद मिळाले तेव्हा मला आनंद झाला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला होता.

बसमध्ये परत येताना विनोद कांबळी आठवला. 13 मार्च 1996, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारत 8 बाद 120, प्रेक्षकांचा गोंधळ, सामना श्रीलंकेला बहाल, आणि नाबाद कांबळी रडत मैदानाबाहेर येतोय. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी ते दृश्य मला पाठ आहे. त्याच कांबळीनं 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227 धावा केल्या होत्या. कसोटीतली त्याची सरासरी 54.20 आहे. ही माहिती मला शोधावी लागली. रडणं शोधावं लागलं नाही.

मग वाटलं, डिलीट करून टाकावं. पण घरी वेगळंच घडलं.

आमच्या अण्णांच्या लेखी मोबाईलवरचा गेम म्हणजे वाया गेलेलं पोरगं. 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. बीजीएमआय 2021 मध्ये आला, 2022 मध्ये स्टोअरवरून गायब झाला, 2023 मध्ये परत आला. ज्या खेळाचं मैदानच असं रातोरात नाहीसं होतं, त्यावर कुणी चार वर्षं कशी घालवावी, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. काही उपयोग झाला नाही.

लॅपटॉपवर ती क्लिप चालू असताना ते मागे येऊन उभे राहिले.

“याचं काही चोरीला गेलं का?”

“नाही. हरला.”

“मोबाईलवर?”

“हो.”

ते थोडा वेळ बघत राहिले. “कुस्ती हरल्यावाणी रडतंय की पोरगं,” म्हणाले. “मंग खेळच हाय हा.”

जे सरकारच्या निर्णयानं झालं नाही, ते बारा सेकंदांनी केलं. मग लपवणं बरोबर कसं? हरल्याचं दुःख दाखवलंच नाही, तर हा खेळ आहे हे कुणाला कसं कळणार?

पास मला आयोजकांनी दिला होता. तिथे उभं राहायची परवानगी त्यात होती. पण तो चेहरा आयोजकांचा नव्हता. म्हणून चार दिवसांनी, त्याचं दुःख थोडं निवलं असेल असं धरून, मी त्या मुलाला क्लिप पाठवली आणि विचारलं, टाकू का? संध्याकाळी उत्तर आलं:

“टाक. पण नुसतं रडणं टाकू नको भाऊ. आधीचं पण दाखव. शेवटच्या झोनपर्यंत आम्ही चौघंही जिवंत होतो.”

मी फुटेज उघडून बसलो. स्क्रीन दाखवता येत नव्हती, हे खरं. पण त्याचे अंगठे, शेजारच्याला खुणावणारी मान, घाम पुसणं, एवढं तरी असायला हवं होतं. नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी बॅटरी वाचवत होतो आणि पडद्याच्या एलईडीमुळे फुटेजवर पट्टे येऊ नयेत म्हणून शटर स्पीड जुळवत होतो. तो खेळत होता तेव्हा माझा कॅमेरा बंद होता. तो हरला तेव्हा मी चालू केला.

त्यानं परवानगी दिली होती. तरी ती क्लिप मी टाकलेली नाही, कारण त्याची अट मला पूर्ण करता येत नाही. त्याला तसं कळवलं. “पुढच्या वेळी ये,” एवढंच त्यानं लिहिलं.

पुढच्या वेळेसाठी दोन बॅटऱ्या जास्तीच्या घेतल्या आहेत.