आजारी माणूस कोणाचा?



आपल्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही कम्युनियन घेऊन गेलो होतो. घरचे कर्ते गृहस्थ कित्येक आठवडे मिस्साला दिसले नव्हते. त्यांचे नाव आणि वाडी सांगत नाही. एवढे लिहितो आहोत तेही त्यांच्या परवानगीने. बोलता बोलता त्यांची औषधाची वेळ झाली. एक पिशवी जेवणाच्या टेबलावरच होती. तिच्यात शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची फाईल. दुसरी पिशवी त्यांच्या पत्नीने आतल्या खोलीतून, पेटीमागून काढून आणली. तिच्यात टीबीच्या गोळ्या होत्या. शेजारीण आली की ही पिशवी आत जायची, ती मात्र टेबलावरच राहायची.

हकीगत अशी. मधुमेह जुना, बारा वर्षांचा. खोकला सुरू झाला, तीन महिने खोकल्याच्या बाटल्या झाल्या. गणपतीला मुंबईहून आलेल्या नातेवाइकाने हट्ट धरला म्हणून थुंकी तपासली आणि क्षय निघाला. सरकारी केंद्रातून औषध फुकट सुरू झाले. तिथे नियमाप्रमाणे रक्तातली साखरही मोजली, ती जास्त निघाली, कागदावर लिहिली गेली आणि "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" असे सांगितले गेले. गृहस्थांनी तो कागद दाखवला नाही. दाखवायचा तर टीबीचे नाव घ्यावे लागणार, आणि घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. शुगरच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला साखर वाढलेली पाहिली, भात कमी करा म्हणून रागावले, गोळी वाढवली. दोन महिन्यांनी थुंकी तपासली, तर जंतू अजून होतेच. वजन उतरले, आणि चपलेच्या पट्ट्याने झालेली पायाची जखम भरेना.

आता आम्हाला विचारा, चुकले कोण? केंद्रातल्या माणसाने तपासले, लिहिले, सांगितले. डॉक्टरांनी समोर दिसणाऱ्या साखरेवर उपाय केला. रुग्णाने दोन्ही पिशव्यांतल्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतल्या. लपवले हे खरे, पण लपवायला त्याला कोणी शिकवले, याकडे आम्ही पुढे येतो.

प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना आपण विचार, शब्द आणि कृती यांबरोबर आपल्या हातून करायचे राहून गेले त्याचीही आठवण करतो. करायचे राहून गेले असे म्हणण्यासाठी ते काम आधी कोणाचे तरी असावे लागते. इथे काम पडले होते दोन खोल्यांच्या मध्ये. त्या जागेवर कोणाच्याच नावाची पाटी नव्हती.

या दोन आजारांची सोयरीक काही आजची नव्हे. हजार वर्षांपूर्वी इब्न सिना या वैद्याने मधुमेह्यांना क्षय होतो हे नोंदवले होते. १९२२ साली माणसांना इन्सुलिन मिळू लागण्यापूर्वी किती मधुमेही क्षयानेच जात. आज आपल्याला ठाऊक आहे की मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, कारण वाढलेली साखर शरीराचा पहारा ढिला करते. उलट बाजूने क्षयाचा ताप साखर वाढवतो. त्यात टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन यकृताला असे कामाला लावते की मधुमेहाच्या काही नेहमीच्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत हेच झाले. भातावरून ते रागावणे ऐकून घेत होते, आणि गोळीचा जोर तिकडे दुसऱ्या पिशवीतली गोळी कमी करत होती. पायाच्या मुंग्यांचेही तेच. मधुमेहाने येतात, आणि टीबीच्या आयसोनियाझिडनेही येतात. म्हणूनच त्या औषधाबरोबर ब-६ जीवनसत्त्व देतात.

जेवणाचा गोंधळ तर विचारू नका. एकीकडे अंडी खा, दूध प्या, वजन वाढवा. सरकारही टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पैसे देते. २०१८ साली ते पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. दुसरीकडे तोंड आवरा. कोकणातल्या माणसाने पेज आणि भात सोडून दोन्ही डॉक्टरांचे समाधान कसे करावे? याचे उत्तर आहे. डाळी, अंडी, मासे वाढवायचे, भात मोजून घ्यायचा आणि साखर औषधाने आवरायची, उपासाने नाही. पण हे उत्तर दोन्ही आजार ज्याला माहीत आहेत असा एकच माणूस देऊ शकतो.

हे वरच्या लोकांच्या ध्यानात आले नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दोन्ही आजारांसाठी एकत्रित आराखडा दिला. आपल्या सरकारने २०१७ साली राष्ट्रीय आराखडा काढला. त्याप्रमाणे टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची आणि मधुमेहाच्या रुग्णाला खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारायचे. नियम चांगला आहे. आपल्याकडे त्याची गरजही मोठी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आढळले, आणि सर्वांत जास्त प्रमाण निघाले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, शंभरात सव्वीसहून अधिक. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्याच देशात आहे. दोन्ही आजार एकाच घरात भेटणार नाहीत तर काय होणार!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोचा 'खार्मिडीस' हा संवाद वाचला होता. त्यात सॉक्रेटिस थ्रेसच्या एका वैद्याचे म्हणणे सांगतो की डोळा डोक्याशिवाय बरा करू नये, डोके शरीराशिवाय नको आणि शरीर आत्म्याशिवाय नको. पुढे संत थॉमस अक्वायनस शिकलो. आत्मा शरीराच्या प्रत्येक भागात पूर्णच्या पूर्ण असतो, असे ते सांगतात. परीक्षेत आम्ही हे पानभर लिहिले, गुणही बरे मिळाले. त्याचा अर्थ ती जखम पाहताना थोडा कळला. फुप्फुस आजारी नव्हते आणि पाय आजारी नव्हता. आजारी होता तो माणूस.

तरी एकत्र उपचार म्हटले की सगळे आपोआप नीट होते, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. टीबीचा कार्यक्रम देशभर पोहोचला तो एकच काम धरून बसल्यामुळे. १९९७ साली सुरू झालेली सुधारित योजना २००६ पर्यंत साऱ्या देशात गेली. सगळे काम सगळ्यांचे झाले की ते कोणाचेच राहत नाही, हा अनुभव आपल्याला धर्मग्रामाच्या सणाच्या वेळी दरवर्षी येतोच. आणखी एक अडचण आहे, ती फार थोडे लोक बोलतात. खोकणाऱ्या टीबीच्या रुग्णाला मधुमेह्यांच्या बंद खोलीतल्या रांगेत बसवणे म्हणजे ज्यांना लागण व्हायची भीती जास्त, त्यांच्यातच त्याला नेऊन बसवणे. तेव्हा एकत्र यायचे ते कागदाने आणि माणसाने. रांगा वेगळ्या राहिल्या तरी चालतील. एका डॉक्टराला दुसऱ्याची गोळी ठाऊक असली पाहिजे. आज हे ओझे आपण कोणावर टाकले आहे? ज्याला जिना चढताना दम लागतो, त्या आजाऱ्यावरच. दोन कागद घेऊन तोच हिंडतो, आणि एखादा कागद तो लपवतो.

का लपवतो, ते आता बोलू. शुगर आपण मिरवतो. लग्नाच्या पंगतीत "मला गोड नको" म्हणणारा मान उंच करून म्हणतो. टीबीचे नाव निघाले की आपणच खुर्ची मागे सरकवतो, ताट वेगळे ठेवतो, स्थळ परत पाठवतो. संत छोटी तेरेजा १८९७ साली क्षयानेच वारली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. तिच्या चित्रापुढे गुलाब ठेवणारे हात शेजारच्या घरी पाण्याचा पेला घ्यायला कचरतात. खरे तर योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागण होण्याची भीती बहुतेकांच्या बाबतीत पुष्कळ कमी होते. दोन कार्यालये एकमेकांशी बोलत नाहीत अशी तक्रार आपण करतो. पण त्या घरात दुसरी पिशवी पेटीमागे कोणत्या कार्यालयाने ठेवली नव्हती, आपल्या भीतीने ठेवली होती. त्यात आम्हीही आलो. इतके दिवस ते मिस्साला का येत नाहीत, हे आम्ही घरी जाऊन विचारले नव्हते.

चांगल्या शोमरोनीची गोष्ट आपण तेल आणि द्राक्षारसापाशी संपवतो. पण त्याने जखमा बांधल्या, जनावरावर घातले, उतारशाळेत आणले, पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. एका हातातून दुसऱ्या हातात देताना तो माणूस मध्येच पडू नये, याची काळजी त्याने घेतली. तेही काम त्याच्या नावावर लिहिलेले नव्हते. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एवढेच सापडते की जे काम कोणाचेच नसते, ते ज्याच्या नजरेला पडते त्याचे होते.

आपल्या गृहस्थांच्या बाबतीत ते एका तरुण सरकारी डॉक्टराच्या नजरेला पडले. "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या घेऊन या," एवढेच ते म्हणाले. दोन्ही पिशव्या एका टेबलावर रिकाम्या झाल्या. शुगरची गोळी बदलून काही महिने इन्सुलिन दिले. कोर्स लांबला, पण संपला. पायाची दोन बोटे अजून बधिर आहेत. मुलीचे लग्न ठरले. मुलाकडच्यांना आजार सांगितला होता, आणि ते तरीही आले.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्यातील एक निवृत्त परिचारिका साखर तपासायला आणि ते चार प्रश्न विचारायला बसणार आहेत. टेबल सभागृहात न ठेवता बाहेर पडवीत, वाऱ्यावर ठेवू. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत घालून आणाव्यात.