स्पंजातील लहान सेवक

मनन : स्तोत्र १०४:२५, १ करिंथ १२:२२

आम्हां वडगावकरांना समुद्र लांबच. स्पंज म्हटला की शाळेतली पाटी आठवते. पण खरा स्पंज जिवंत प्राणी आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या किनाऱ्यालगत प्रवाळांमध्ये पिवळ्या नळ्यांसारखे स्पंज वाढतात. त्या नळ्यांत बोटाएवढा एक मासा राहतो. माणसाने त्याला 'एलाकॅटिनस लोरी' हे नाव दिले २००२ साली. निर्माणकर्ता त्याला आरंभापासून ओळखतो.

स्पंज त्याला आसरा देतो. नर तेथेच अंड्यांची राखण करतो. पण अशा स्पंजवासी माशांचे राहणे फुकटचे नसते. स्पंजावर जगणारे बारीक कृमी हेच त्यांचे मुख्य अन्न.

मंडळी हाही आमचा आसराच. बाप्तिस्म्यापासून मूठमातीपर्यंत आम्ही तिच्या आधाराने जगतो. परंतु शेताच्या बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच दिवशी प्रभुभोजन घेतात, तेव्हा मंडळीला कीड लागलेली असते; आणि आम्ही म्हणतो, "आम्ही लहान माणसे, काय करणार?"

लहान असतो म्हणूनच तो मासा नळीत शिरतो! जेथे वडीलमंडळाची सभा हरते, तेथे विरजण मागायला गेलेली शेजारीण दोन शब्द बोलू शकते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, त्या दोन्ही घरची मुले तुमच्या एकाच वर्गात बसतात, हे विसरू नका.

येत्या प्रभुभोजनापूर्वी अशा एका घराची पायरी आपण चढू या. प्रभू आम्हांस तेवढे धैर्य देवो. आमेन.