वार्धक्यात विदुर हवा

सज्जनहो, श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. भारतीय युद्ध संपले, धर्मराज सिंहासनावर बसले, आणि शंभर पुत्र गमावलेला धृतराष्ट्र त्यांच्याच वाड्यात राहू लागला. अन्न होते, वस्त्र होते, सेवेला माणसे होती. उणे काय होते? खरे सांगणारे कोणी नव्हते. मग तीर्थयात्रा करून विदुर परतले. थोरल्या भावाजवळ बसून त्यांनी स्पष्ट सुनावले, की राजा, डोळे जन्मापासून नव्हतेच, आता कान गेले, दात हालू लागले, आणि ज्या भीमाशी वैर केले त्यानेच टाकलेल्या घासावर तू जगतो आहेस! हे ऐकून धृतराष्ट्र जागा झाला.

तो घर सोडून वनात गेला. तसे कोणी जावे असे आम्ही म्हणत नाही. घ्यावयाचे ते एवढेच, की धर्मराजांनी सेवेत कसूर केली नव्हती, तरी जे काम पुतण्याकडून झाले नाही, ते बरोबरीच्या भावाने केले. मुलगा कितीही गुणी असो, म्हातारपण त्याने पाहिलेले नसते. ज्याचे गुडघे दुखतात, त्याला दुसऱ्याचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून वार्धक्यात विदुर हवा. तो प्रत्येकाच्या घरी जन्मास येत नाही, जोडावा लागतो. आणि तो जोडण्याचे ठिकाण म्हणजे गावोगावचा ज्येष्ठ नागरिक संघ.

कोणी म्हणेल, "महाराज, देवळात भजन आहे, पारावर बैठक आहे, मग हा संघ नि वर्गणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. अहो, आमचे जानेफळ घ्या की दुसरे कोणतेही गाव घ्या, पारावर चार म्हातारे बसतातच. पण एके दिवशी चौथा आला नाही, तर तिघे म्हणतात, "गेला असेल लेकीकडे!" आणि तो घरी तापाने फणफणलेला असतो. दिंडीत विणेकरी, टाळकरी, चोपदार ह्यांच्या जागा ठरलेल्या. रांगेतला एक गळाला तर मागच्याला लगेच कळते. जत्रेच्या गर्दीत ते कळत नाही. संघाच्या वहीत नाव असते, म्हणून गैरहजेरीची चौकशी होते. शिवाय पार पडला पुरुषांचा. एकट्या राहिलेल्या आजीबाईला तेथे जागा कोठची? संघात तिचेही नाव लागते.

आता व्यवहाराचे पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा सन २००७ मध्ये झाला. मूल सांभाळत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. पण अंथरुणाला खिळलेला म्हातारा मेहकरास जाणार कसा? कायद्यानेच सोय ठेवली आहे, की तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेल्या नोंदणीकृत संस्थेस त्याच्या वतीने अर्ज करता येतो. शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करावयाचे असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्यावी. अट मोडली तर ते पत्र रद्द करून मागता येते. सही करण्यापूर्वी हे कानात कोण सांगणार? ज्याला शेत मिळावयाचे आहे, तो खचित नाही! तेथे विदुरच पाहिजे.

तसेच, एस.टी.ला ६५ वर्षांपुढे अर्धे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढे मोफत प्रवास आहे. अडचणीत १४५६७ हा दूरध्वनी आहे. एकट्याला जे ठाऊक नसते, ते दहांत एकाला ठाऊक असते.

मात्र एक पथ्य. संघ म्हणजे अध्यक्षपदाची खुर्ची नव्हे, की सुनांची गाऱ्हाणी सांगण्याचा अड्डाही नव्हे. विदुर धृतराष्ट्राच्या 'हो'ला 'हो' म्हणत बसले नाहीत. आपली चूक असेल तर तीही तेथे कोणी दाखवावी, आणि आपण ती ऐकावी.

ह्या संघांचा 'फेस्कॉम' नावाचा महासंघ महाराष्ट्रात आहे. गावी संघ असेल तर नाव घाला. नसेल तर सन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे लागतात. सातच! टाळकऱ्यांच्या एका रांगेतून ती सहज निघतील. येत्या एकादशीस भजन आटोपले, की लगेच उठू नका. उरलेले सहा कोण, ते तेथेच पाहा.

रामकृष्णहरि.